सरकीच्या तेलाची मॅट

"म्हशीनं मॅट चाटली," मगदूम सर म्हणाले.

मी प्रयोगशाळेत रबराची पट्टी ताणयंत्राच्या जबड्यात अडकवत होते. ते दारात उभे होते, हातात मोबाईल. हसावं की चिडावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

"म्हणजे थोडी?"

"थोडी कुठली. आक्का फोनवर सांगत होती, दोन दिवस झाले, वैरण टाकली तरी तोंड लावत नाही, नुसती मॅट चाटत बसलीय. एक कोपरा खरवडून निघालाय म्हणे. आता सांगा."

मी पट्टी तशीच सोडली आणि यंत्र बंद केलं.

"मॅडम, मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला. सरकीचं तेल घालताय, आणि मॅट कुठं टाकायची तर गोठ्यात. म्हशीला वाटतंय मालकानं खाली पेंडच अंथरली."

त्यांच्या मागून दस्तगीरभाई आत डोकावले. मिक्सर तेच चालवायचे, पंचविसेक वर्षं. "साहेब, म्हस हुशार हाय तुमची," ते म्हणाले. "पेंड म्हाग झाली म्हटल्यावर मॅटवर भागवाय लागली."

"हसा. सोमवारी दूध संघाची माणसं येणार आहेत गोठा बघायला. त्यांच्यासमोर म्हशीनं मॅटचा लचका तोडला की हसू."

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा कारखाना जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या दोन शेडचा. गोठ्यात जनावरांच्या पायाखाली घालायच्या रबरी मॅट आम्ही बनवायचो. मी तिथं रबराची कृती ठरवायचे, म्हणजे कशात काय किती घालायचं ते.

रबरात तेल घालावंच लागतं. नुसतं रबर आणि काजळी एकजीव होत नाही. पुरीच्या पिठाला मोहन लागतं तसं ते. आमच्याकडे त्यासाठी काळं तेल यायचं, खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरतं त्यातलं, काकवीसारखं दाट आणि डांबराच्या वासाचं. तो वास साबणानं जात नसे. मी घरी पोळ्या लाटल्या की नवरा पोळीचा तुकडा नाकाशी धरायचा आणि काही न बोलता खायचा.

ते तेल बदलून बघायचं मी ठरवलं. दूध संघाच्या डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं होतं, जनावर चोवीस तास ज्यावर बसतं त्यात हे असलं तेल नसलं तर बरं, नाही का. सरांनी मान हलवली होती आणि विसरून गेले होते. मी विसरले नाही. आमच्या भागात सरकीचं तेल सहज मिळतं. पहिला घाणा फसला, मॅट प्रेसमधून निघाली ती बोटानं दाबली की खड्डा राहायचा, आत कच्ची राहिलेल्या भाकरीसारखी. रबराला गंधक शिजवतं, आणि सरकीचं तेल त्यातलं थोडं गंधक स्वतःच खाऊन टाकतं. मी गंधक वाढवलं. दुसऱ्या खेपेला मॅट नीट उतरली. ताण, कडकपणा, झीज, सगळं काळ्या तेलाच्या तोडीस तोड. शेवटची परीक्षा म्हणून एक मॅट सरांच्या गावच्या गोठ्यात टाकली. ती टिकली तर सगळा माल सरकीच्या तेलावर न्यायचा, नाही तर पुन्हा काळी पिंपं, असं ठरलं होतं.

आणि आता म्हैस ती चाटत होती.

"मग काय करायचं, सर?"

"करायचं काय. दस्तगीर, उद्या दुपारी टेम्पो घेऊन जा. ही मॅट काढा, आपली जुनी टाका. मॅडम, तुम्ही पण जा, एकदा डोळ्यांनी बघा म्हणजे मनात राहायला नको. काळ्या तेलाची पिंपं मी परवा मागवतो."

ते गेले. दस्तगीरभाई जरा वेळ रेंगाळले.

"वास मात्र चांगला येत होता, मॅडम," ते म्हणाले. "घाणा चालू असला की घरात पेंड भिजत घातल्यागत वाटायचं. डोकं दुखायचं बंद झालं होतं माझं."

शेडच्या टोकाला सारिका सुतार तागडीवर पावडरी मोजत होती. तेल बालदीत काढून मिक्सरमध्ये ओतायचं कामही तिचंच. तिला पाचवा लागला होता. सरकीचं तेल पहिल्यांदा आलं त्या दिवशी तिनं पिंपात बोट बुडवून हुंगलं होतं आणि म्हणाली होती, "मॅडम, ह्यात भजी तळली तर कळायचं पण नाही साहेबांना." तेव्हा ती माझ्याशी बोलली ते तेवढंच. एरवी ती माझ्यापासून चार हात लांब असायची. मी तागडीजवळ गेले की ती काहीतरी आणायला निघून जायची. तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, मॅडमच्या वाऱ्याला उभी राहू नको, दिवस भरेपर्यंत. मला हे कोणी सांगितलं नाही, पण अशा गोष्टी कळतात. मला तिचा राग नव्हता.

मला कशाचंच काही वाटत नव्हतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, तेव्हा तसं होतं एवढंच. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले होते आणि रजा संपायच्या पुष्कळ आधी परत आले होते. नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कारण सापडत नाही, कधी कधी होतं असं, मनाला लावून घेऊ नका. काळ्या तेलाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. ते खरं की खोटं हे कोणी सांगू शकत नाही आणि मला ते कुणाकडून ऐकायचंही नव्हतं. मला फक्त सारिकाच्या बालदीत ते तेल नको होतं. दिवसभरात माझ्या डोक्यात काही पूर्ण व्हायचं असेल तर ते एवढंच. बाकी मी उठायचे, आंघोळ करायचे, डबा भरायचे. लोक बोलायचे ते काचेपलीकडून यावं तसं यायचं.

कारखान्यात त्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही. चांगली माणसं होती म्हणूनच विचारलं नाही. मी परत आले त्या दिवशी दस्तगीरभाईंनी माझ्या टेबलावर पाण्याची नवी बाटली आणून ठेवली आणि म्हणाले, "आलासा? बरं झालं." सरांनी पंखा दुरुस्त करून घेतला होता. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, झोपलेलं कोणी जागं होईल असं.

दूध थांबायच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. तरी मधूनच यायचं. मी प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालायचे, त्याच्या आत ओढणीची घडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पोनं निघालो. मागं जुनी, काळ्या तेलाची मॅट गुंडाळून ठेवली होती. ऊस तुटून गेलेली रानं, मधेच एखादं पेटवलेलं पाचट. दस्तगीरभाई त्यांच्या नातीबद्दल बोलायला लागले, ती कशी त्यांची दाढी धरून ओढते, आणि अर्ध्यात थांबले. मग गियर बदलला, कारण नसताना.

"बोला की," मी म्हटलं.

"नाही, काय विशेष नाही. द्वाड हाय, एवढंच."

गोठा मळ्यातच होता, विटांचा, वर पत्रा. सहा म्हशी. आक्का म्हणजे सरांच्या आई, सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी खोचून उभ्या होत्या, हातात शेणाची पाटी. आम्हाला बघून पाटी खाली ठेवली.

"आलासा काय कारखान्याची माणसं. ही बघा, तुमची गिऱ्हाईक."

शेवटच्या दावणीला ती म्हैस होती. मोठी, काळीभोर, एका शिंगाला पीळ. मान खाली घालून ती मॅट चाटत होती. घाई नव्हती तिला. जीभ लांब काढायची, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला न्यायची, थांबायची, पुन्हा. मॅटचा तेवढा भाग धुतल्यासारखा चकचकीत झाला होता. समोर गव्हाणीत हिरवी वैरण तशीच पडली होती.

दस्तगीरभाई वाकून म्हशीशी बोलले. "काय गं बाई, एवढी गोड लागली काय आमची मॅडमची मॅट?"

मी बाजूच्या म्हशी बघत होते. त्यांच्या पायाखाली जुन्या मॅट होत्या. मनात आलं, ही मॅट त्यांच्याकडे टाकून बघू या. प्रयोगाचा नियमच असतो तो, एक गोष्ट बदलायची आणि बाकी तसंच ठेवायचं. मी तसं म्हटलं. आक्का म्हणाल्या, "टाका की, मला काय."

दस्तगीरभाईंनी मॅट ओढून काढली. म्हशीनं पाय उचलले, विरोध केला नाही. आम्ही ती पलीकडच्या म्हशीच्या तोंडाशी अंथरली. त्या म्हशीनं एकदा हुंगलं, फुरफुरली आणि वैरण खायला लागली. तिसऱ्या म्हशीच्या पायाखाली टाकली. ती तर मॅटवर मुतलीच.

"हिची परीक्षा झाली," दस्तगीरभाई म्हणाले. "काय मॅडम, पास का नापास?"

मी वळून बघितलं. ती पहिली म्हैस कोब्याला जीभ लावून होती. मॅट काढलेल्या जागी उघडा सिमेंटचा कोबा होता आणि ती तोच चाटत होती, त्याच ठिकाणी, त्याच संथपणानं.

"जुनी टाका तिथं," मी म्हटलं.

दस्तगीरभाईंनी टेम्पोतली मॅट आणून पसरली. डांबराचा वास आला. म्हैस एक क्षण थांबली. मग तिनं ती काळ्या तेलाची मॅट चाटायला सुरुवात केली. दस्तगीरभाई कमरेवर हात ठेवून बघत राहिले. आता ते थट्टा करत नव्हते.

"आक्का," मी विचारलं, "ही असं का करते?"

आक्कांनी पदरानं हात पुसले. "का म्हणजे? रेडकू पडलं नव्हतं का तिचं तिथं. मेलेलंच आलं. गडी शेतात होता, तो येईस्तोवर तिच्याम्होरंच होतं ते. लई चाटलं तिनं त्याला, उठतंय का बघितलं. मग गड्यानं उचलून नेलं. तवापासनं ती जागा चाटती."

"सरांना हे सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं की म्हस मॅट चाटती म्हणून. त्यो म्हणला, त्याला पेंडीचा वास येतोय, आणि ठेवला फोन. म्होरं ऐकतंय कोण." त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खात न्हाई, पित न्हाई. धार काढाय बसलं की लाथ झाडती. आणि नको तवा पान्हा सुटतोय, बघ, आपसूक गळतंय खाली. पिणारं न्हाई, काय करायचं त्याचं."

मी बघितलं. सडाच्या टोकाला थेंब जमला होता. तो पडला, कोब्यावर आधीच एक ओला डाग होता त्यात. दुसरा जमायला लागला.

मी कोटाची बटणं नीट लावली.

"ऊन लागतंय काय तुला?" आक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पांढरीफटक दिसतीस. लग्न झालंय न्हवं? पोरं किती?"

दस्तगीरभाई एकदम टेम्पोकडे गेले आणि मागचं फळकूट लावायला लागले, जे लावलेलंच होतं.

"नाहीत," मी म्हणाले.

"हुतील," आक्का म्हणाल्या आणि मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

आम्ही परत निघालो. सरकीच्या तेलाची मॅट आम्ही तिथंच ठेवून आलो, तिसऱ्या म्हशीच्या पायाखाली. कारखाना दिसायला लागला तेव्हा दस्तगीरभाई म्हणाले, "साहेबांना मी सांगू का, मॅडम? तुम्ही घरी जावा पाहिजे तर."

"नको. मी सांगते."

मगदूम सर टेबलाशी बसून कुणाला तरी फोन लावत होते. मी समोर उभी राहिले. मी बसत नाही म्हटल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला.

"काय झालं? काढली मॅट?"

"सर, तेलाचा दोष नाही. दुसऱ्या म्हशींनी मॅटला तोंडही लावलं नाही. ती एकटीच चाटते, आणि मॅट काढली तर खालचा कोबा चाटते. काळ्या तेलाची मॅट टाकली, तीही चाटली."

"असं कसं?"

"तिचं रेडकू गेलं त्या जागेवर. जन्मलं तेच मेलेलं."

हा शब्द मी तोपर्यंत तोंडानं उच्चारला नव्हता. दवाखान्यात दुसऱ्यांनी उच्चारला होता, सासूबाईंनी फोनवर नातेवाइकांना सांगताना उच्चारला होता. तो माझ्या तोंडून म्हशीबद्दल निघाला. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांना कळत होतं. त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं, काढलं.

"मला आक्का काही बोलली नाही."

"तुम्ही विचारलं नव्हतं, सर."

मी हे रागानं म्हटलं नाही. बाहेर प्रेस उघडल्याचा फुसकारा आला आणि बंद झाला.

"मग," ते हळू आवाजात म्हणाले, आणि मला वाटलं आता ते काहीतरी भलतंच बोलणार. पण त्यांनी विचारलं ते कामाचंच. "सोमवारपर्यंत थांबेल ती? संघाची माणसं यायच्या आत?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"सर, त्याचा अंदाज नसतो."

त्यांनी मोबाईल पुन्हा उचलला. मग म्हणाले, "आक्काला सांगतो तिला मळ्यातल्या झाडाखाली बांधायला. थोडे दिवस मोकळी हवा लागू दे. संघाला बाकीच्या पाच दाखवू." आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, "मॅडम, काळी पिंपं नाही मागवत मी. सरकीच्या तेलाचं काय लागेल ते तुम्ही स्टोअरला सांगा."

मला आनंद व्हायला हवा होता. तो कुठं असतो तिथं मी आत चाचपून पाहिलं, नव्हता. स्टोअरमध्ये जाऊन मी सरकीच्या तेलाचं सांगून आले. खिडकीतून दिसत होतं, काळ्या तेलाचं अर्धवट पिंप दोन माणसं तिरकं करून, गोल गोल फिरवत शेडच्या बाहेर नेत होती.

हे लिहिताना मधे उठले होते. लेक झोपेत पांघरूण लाथाडते, दुपारचीसुद्धा. चार वर्षांची आहे. ती होईपर्यंत मी तो कारखाना सोडला होता. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही, अजून सांगायचं वयही नाही. पण तिला तेल लावताना, न्हाऊ घालताना, कधी तिचा पाय माझ्या हातात असला की त्या संध्याकाळचं आठवतं, म्हणून एकदा लिहून ठेवते आहे.

त्या संध्याकाळी पाळी सुटायची वेळ झाली होती. मी तागडीजवळ गेले, उद्याच्या घाण्याची मापं सांगायला. सारिका हात पुसत होती. मला वाटलं आता ती नेहमीसारखी निघून जाईल. ती गेली नाही.

"उद्यापासून सरकीचंच," मी म्हटलं. "गंधक मी सांगितलंय तेवढंच घ्यायचं, जुन्या मापानं नको."

"दस्तगीरभाई सांगत होते," ती म्हणाली. "म्हशीचं."

"हो."

"तुम्ही साहेबांना सांगितलं म्हणे, तेलाची काय चूक नाही म्हणून."

"नव्हतीच."

"माझ्यासाठी केलं का हे सगळं?"

"संघासाठी केलं. त्यांना मॅट हव्यात."

ती गंधकाच्या पिशवीचं तोंड बांधत होती. सुतळीची गाठ तिनं दोनदा मारली आणि पुन्हा सोडली. "आमच्या सासूबाईंनी मला सांगून ठेवलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याशी ह्यातलं काही बोलायचं नाही. त्या बाळाचा विषय तर अजिबातच काढायचा नाही. मला रोज वाटतं विचारावं. तुम्ही समोरून जाता आणि मी मागं वळते, मला माझीच लाज वाटती."

"सासूबाईंचं ऐकावं. तुझे दिवस आहेत."

"ऐकलं की इतके दिवस."

शेडमधले दिवे एकेक करून बंद होत होते. दस्तगीरभाईंनी मिक्सरचं झाकण लावल्याचा आवाज आला. सारिकानं पिशवी बाजूला सारली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पोट पुढे, दोन्ही हात गंधकानं पिवळे.

"मॅडम," तिनं विचारलं, "मुलगा होता का मुलगी?"

कोणीच विचारलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, आणि बाकीच्यांनी ते काहीतरी झालं असं धरलं होतं, ज्याला मुलगा-मुलगी नसतं.

"मुलगी," मी म्हणाले.

"कशी होती?"

मला वाटलं मला सांगता येणार नाही. मग मी ऐकलं तर मी सांगत होते, की नाक तिच्या बाबांसारखं होतं आणि डोक्यावर केस, इतके केस, नर्स म्हणाली होती की एवढे केस बघितले नाहीत, ओले होते, मी ते एका बाजूला नीट बसवले होते, आणि ते पुन्हा पुन्हा कपाळावर येत होते.